कूरसचा तवा आणि आमची कडक भाकरी

स्कॉटलंडहून परत येऊन चार महिने झाले तरी कुणी भेटलं की तिकडं काय काय बघितलं हा प्रश्न येतोच. मी सांगते, एक बारकं गाव बघितलं, गावात एक जुना वाडा, वाड्याजवळ एक टीरूम, आणि त्या टीरूममध्ये मी तीन वेळा जाऊन बसले. एडिंबराचा किल्ला बघितला, डोंगर बघितले, तळी बघितली, पण मनात घर करून बसलंय ते हेच. तोंडी सांगताना निम्मं राहून जातं म्हणून आज बैजवार लिहून काढते.

आमचा मोठा डनफर्मलाइनला असतो. नातू झाला तेव्हा आधी सूनबाईची आई तीन महिने राहून आली, मग माझी पाळी. एडिंबराहून रेल्वेनं निघालं की समुद्राच्या खाडीवरचा तो लाल लोखंडी पूल लागतो, १८९० सालचा, जवळजवळ अडीच किलोमीटर लांब आणि अजून त्याच्यावरनं गाड्या धडधड चालूच. डनफर्मलाइनपासून बसनं अर्ध्या तासावर कूरस. इंग्रजीत लिहिलेलं वाचलं तर कलरॉस वाचावं असं वाटतं, पण गावातली माणसं कूरसच म्हणतात. रविवारी पोराला सुट्टी होती म्हणून सगळे मिळून गेलो, बाळाला ढकलगाडीत घालून.

गाव म्हणजे एका टेकडीच्या उतारावर पन्नास-शंभर पांढरी घरं आणि त्यांच्यावर लाल कौलं. कौलं बघून मी थांबलेच, म्हणलं ही तर आपल्याकडच्या जुन्या घरांसारखी. मग कळलं की इथनं कोळसा आणि मीठ भरून गलबतं हॉलंडकडं जायची आणि परत येताना रिकामं गलबत डोलू नये म्हणून वजनाला कौलं भरून आणायची, तीच घरांवर चढली. रस्ते सगळे गोट्यांचे. मधोमध दगडांची एक रांग जरा उंच आहे, तिच्यावरनं पूर्वी गावातली प्रतिष्ठित माणसं चालायची, बाकीच्यांनी खालनं चिखलातनं जायचं. आमच्याकडं पण कुणी कुठनं चालायचं हे ठरलेलं होतंच की. मी त्या उंच रांगेवरनंच चालले, चपला हातात घेऊन नाही, चांगली पायात घालून.

तिथला मुख्य वाडा, त्याला पॅलेस म्हणतात पण राजाचा नाही, जॉर्ज ब्रूस नावाच्या व्यापाऱ्याचा. १५९७ ते १६११ मध्ये बांधला. भिंती हळदीच्या रंगाच्या, आत लाकडी छतावर रंगवलेली चित्रं, मागं परसात भाजीपाला आणि औषधी झाडं जुन्या पद्धतीनं लावलेली आणि बुटक्या पायाच्या कोंबड्या फिरत असलेल्या. या ब्रूसनं काय केलं माहितीय का, समुद्राच्या खाली कोळशाची खाण खणली. भरतीचं पाणी येतं तिथं पाण्यात गोल दगडी भिंत बांधून मधनं विहीर उतरवली, आणि आत झिरपणारं पाणी उपसायला घोड्यांवर चालणारी बादल्यांची साखळी लावली. म्हणजे आपलं रहाटगाडगंच! १६१७ साली राजा जेम्स ती खाण बघायला आला, जमिनीवरनं आत उतरला आणि वर निघाला तर चारी बाजूंनी पाणी, तर तो घाबरून दगा दगा म्हणून ओरडला अशी गोष्ट तिथं सांगतात. मग ब्रूसनं बाजूला बांधलेली नाव दाखवली तेव्हा जीव भांड्यात पडला. पुढं १६२५ च्या वादळात खाणीत समुद्र घुसला आणि संपलं सगळं.

मी नळदुर्गची. मला हे ऐकून दुसरं काय आठवणार? आमच्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात पाणी बांधावरनं कोसळतं, नर आणि मादी असे दोन धबधबे, आणि आत महालात खिडकीशी उभं राहिलं तर समोर पाण्याचा पडदा पण अंगावर थेंब नाही. सालं बघा. तिकडं ब्रूस समुद्राखाली खाण खणत होता त्याच काळात इकडं आमचे गवंडी पाण्याच्या पोटात महाल बांधत होते. त्या वाड्याच्या खिडकीत उभी राहून मी हे पोराला सांगत होते तर त्याचं त्यालाच आश्चर्य, म्हणला आई मी एवढ्या वेळा इथं आलो पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता टीरूम. एक जुनं घर, दार एवढं ठेंगणं की आमच्या ह्यांना वाकून आत जावं लागलं. आत सहा-सात टेबलं, एकसारखी दोन नाहीत, खुर्च्या पण वेगवेगळ्या. बाळ भुकेनं रडायला लागलं होतं, सूनबाईनं जाऊन दुधाच्या बाटलीसाठी गरम पाणी मिळेल का विचारलं. ती टीरूमवाली, वयानं माझ्याएवढीच असेल, तिनं नुसतं गरम पाणी नाही दिलं, एक चिनीमातीचा जग भरून दिला गरम पाण्याचा, एक मोकळं भांडं दिलं बाटली बुडवून ठेवायला आणि कोपऱ्यातलं टेबल दिलं जिथं वारा लागत नव्हता. आम्ही अजून काही मागवलं पण नव्हतं. बिलात पण लावलं नाही. तो जग पांढरा होता आणि त्याच्या कानाला एक टवका उडालेला होता, अजून डोळ्यापुढं आहे माझ्या.

चहा येतो तो किटलीत, वर लोकरीची टोपी घातलेली, दूध वेगळं, साखर वेगळी. खरं सांगते, चहा मला आवडला नाही, उकळलेला नसतो ना. पण पान तिथं पण आसामचंच, आणि आसामात चहाचं झाड १८२३ साली सिंगफो लोकांच्या सरदाराकडनं ज्या गोऱ्या माणसाला कळलं तो पण स्कॉटलंडचाच, रॉबर्ट ब्रूस. चहाबरोबर स्कोन. हा खायला पाहिजे. मैद्यात थंड लोणी बोटांनी चुरायचं, दूध घालून हलक्या हातानं गोळा करायचा, मळायचा अजिबात नाही, मळला की दगड. गरम असतानाच मधनं फोडायचा, लोणी लावायचं, वर घरचा जॅम.

पण माझं लक्ष भिंतीवर गेलं. चुलीच्या जागेवर एक तवा टांगलेला. चांगला मोठा, सपाट, काळा, वरनं अर्धगोल लोखंडी कडी. मी टीरूमवालीला खुणेनं विचारलं, पोरगा मधी बोलायला होताच. ती म्हणाली हे गर्डल, आणि याच्यासाठीच आमचं गाव प्रसिद्ध होतं. कूरसचे लोहार हे तवे करायचे आणि १५९९ साली राजानं त्यांना हक्क दिला की अख्ख्या स्कॉटलंडात तवे करायचे ते कूरसनंच. एका गावाला तव्याचा हक्क! पुढं १७५९ मध्ये जवळच कॅरनला लोखंडाचा मोठा कारखाना निघाला, ओतीव तवे स्वस्तात मिळायला लागले आणि इथल्या लोहारांचे हातोडे थांबले. आमच्याकडं पण लोहाराघरचा ठोकलेला तवा जाऊन बाजारातला आला तसंच म्हणा ना. आमच्या आत्याबाईंचा तवा अजून आमच्याकडं आहे, मधी जरा खोलगट, त्याच्यावर भाकरी जशी फुगते तशी नॉनस्टिकवर बापजन्मात फुगत नाही.

तर त्या गर्डलवर काय करायचे? ओटकेक. नाव केक आहे पण केकाशी काही संबंध नाही. ओटचं भरड पीठ, मीठ, जराशी चरबी आणि कढत पाणी. ओटला ज्वारीसारखंच चिकटपणा नाही म्हणून कढत पाण्यानंच मिळून येतं. मग पातळ गोल लाटायचं, चार तुकडे करायचे, तव्यावर टाकायचे आणि कडा वर उचलेपर्यंत वाळवायचे. कडक होतात, डब्यात राहतात. मी एक तुकडा मोडला तर कट्‌ असा आवाज आला आणि माझ्या तोंडातनं निघालं, अगं बाई ही तर कडक भाकरी! खरंच तशीच. आमच्या सोलापूर-धाराशिव पट्ट्यात ज्वारीची, बाजरीची कडक भाकरी करतात, पापडासारखी पातळ थापून तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर पार वाळवायची, पंधरा-वीस दिवस काही होत नाही. प्रवासाला, शेतावर, वारीला. मी टीरूमवालीला हातानं थापून दाखवलं, काठवटीवर कसं थापतो ते टेबलावर. तिनं पण माझ्यासारखाच हात फिरवून बघितला. पुढच्या वेळी मी येताना तिच्यासाठी घरून नेलेल्या चार भाकऱ्या आणि शेंगाचटणीची पुडी घेऊन गेले. चटणी तिला तिखट लागली पण तिनं ती ओटकेकवर लोणी लावून त्याच्यावर भुरभुरून खाल्ली, आणि मी पण तसंच खाऊन बघितलं, फार भारी लागतं, करून बघा.

शेजारच्या खोलीत गिफ्ट शॉप. तिथं मी एक तास होते. जॅमच्या बाटल्या, कापडी टोप्या घातलेल्या, चिठ्ठीवर हातानं लिहिलेलं की फळ कुठल्या बागेतलं, केलं कधी. शॉर्टब्रेडचे डबे. टॅबलेट नावाची एक वडी, साखर, लोणी आणि आटवलेलं दूध, चव सरळ आपल्या खव्याच्या वडीच्या घरात जाते. लोकरीचे मोजे, मातीची भांडी, वाड्याचं चित्र छापलेली फडकी. हॅरिस ट्वीड नावाच्या लोकरीच्या कापडाचं पाकीट होतं, त्याला आत शिक्का होता, त्याची गंमत अशी की हॅरिस ट्वीड कशाला म्हणायचं याचा १९९३ चा कायदाच आहे, त्या ठरावीक बेटांवर तिथल्या माणसांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असेल तरच. घरी! मला हा शब्द फार आवडला. घरात बसून केलेल्या कामाला कायद्यानं मान. आणि एक शाल होती, तिच्यावर चक्क आपली कोयरी. त्या नक्षीला तिकडं पेस्ली म्हणतात, ग्लासगोजवळच्या पेस्ली गावावरनं, काश्मीरच्या शाली बघून तिथल्या मागांवर ती उतरवली. सूनबाईच्या पैठणीच्या पदरावरची कोयरी आणि ही, दोघी शेजारी ठेवून फोटो काढायचा होता पण पैठणी नव्हती तिथं. बाहेरून आणलेली प्लॅस्टिकची खेळणी पण होती एका कोपऱ्यात, ती काय सगळीकडंच असतात, तुळजापूरला पण तेच. पण समोर, दारातनं आत आल्या आल्या दिसेल अशा फळीवर, फक्त त्या गावातलं आणि आजूबाजूचं.

हा वाडा पण पडायला झाला होता म्हणे. स्कॉटलंडची जुन्या वास्तू जपणारी नॅशनल ट्रस्ट संस्था १९३१ ला स्थापन झाली आणि लगेच १९३२ ला त्यांनी तो ७०० पौंडाला विकत घेतला. मग हळूहळू गावातली घरं दुरुस्त केली. आता माणसं वाडा बघायला येतात, पाय दुखले की चहाला बसतात, बसली की ओटकेक खातात, खाल्लं की डबा घरी नेतात. मला वाटतं यात बसणं महत्त्वाचं आहे. नळदुर्गला माणूस येतं, धबधब्याबरोबर फोटो काढतं आणि गाडीत बसून हायवेला लागतं. बसायला जागा कुठंय? आणि बाईमाणसाला तर त्याहून नाही.

टीरूमचा इतिहास पण नेमका इथंच येऊन मिळतो. ग्लासगोत केट क्रॅन्स्टन म्हणून एक बाई होती, तिनं १८७८ साली आपलं पहिलं टीरूम काढलं. त्या काळात दारूबंदीची चळवळ जोरात होती, बाहेर बसायचं म्हणजे गुत्ता, तिथं घरंदाज बाई जाणार कशी. टीरूम निघाली आणि बायका एकट्यादुकट्या बाहेर बसून चहा पिऊ लागल्या. १९०३ ला तिनं काढलेलं विलो टीरूम मॅकिंटॉश नावाच्या मोठ्या वास्तुविशारदानं आतल्या चमच्यापर्यंत सजवलं. पोरानं ग्लासगोला नेऊन दाखवलं मला. सुंदर आहे, पण मला ते ठेंगण्या दाराचं जास्त आवडलं. त्याच कूरसच्या टाऊन हाऊसमध्ये, १६२६ च्या इमारतीत, चेटकीण म्हणून बायकांना कोंडून ठेवायचे. आणि त्याच गोट्यांच्या रस्त्यावर आता बाया तासतास किटली घेऊन बसलेल्या. एक बाई एकटीच होती, पुस्तक वाचत, दीड तासात तिला कुणी उठवलं नाही.

जूनमध्ये घरी आले आणि जाऊबाईला सगळं सांगितलं. ती म्हणली, "अक्का, किल्ल्याच्या रस्त्याला आपली पुढची खोली रिकामीच हाय की, ट्रॅक्टरचं सामान हलवलं की झालं." आमचे हे आधी गप्प होते, मग दुसऱ्या दिवशी न सांगता सामान हलवलेलं. जुलैत सुरू केलं. चार टेबलं, चहा मात्र आपला, आलं ठेचून, चांगला उकळलेला. आमच्या बचत गटाच्या दहाजणी आहेत, कडक भाकरी दोघी करतात, शेंगाचटणी तिघी उखळात कुटतात, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून पार तेल सुटेपर्यंत, मिक्सरवर नाही. वाकळी म्हाताऱ्या बायका शिवतात, जुन्या नऊवारीच्या, बारीक धाव्याच्या टाक्यानं. एका फळीवर तुळजापूरच्या कवड्यांच्या माळा ठेवल्यात. पाकिटावर पाणीमहालाचं चित्र जाऊबाईच्या पोरीनं काढलं, दहावीत आहे, दोन्ही धबधबे काढले आणि खाली कुणी केलं, कधी केलं ते पेननं लिहितो आम्ही.

पहिल्या पंधरवड्यात मोठं नुकसान झालं. पावसाची ओल हवेत, चाळीस पाकिटं भरून ठेवलेली, सगळ्या भाकरी मऊ पडल्या, वातड. एकीनं तर रडून घेतलं, पहाटे चारला उठून थापलेल्या. शिवाय एका गिरणीतनं पीठ आणलं होतं ते जुनं निघालं, पिठाची विरीच गेलेली, कडेनं चिरत होतं. तेव्हा मला कूरसचा तो पत्र्याचा डबा आठवला, ती बाई ओटकेक पाकिटात भरून ठेवतच नव्हती, डब्यात ठेवायची आणि गिऱ्हाईक आलं की काढायची. आता आम्ही पण तसंच करतो. ज्वारी घरची, दळण दर चार दिवसांनी, भाकरी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि दुपारी ऊन पडलं की आत्याबाईंच्या तव्यावर एकदा परत शेकायच्या, गार झाल्यावरच पाकिटात. तेव्हापासून एक पाकीट परत आलं नाही.

सप्टेंबरात बांधावरनं पाणी पडायला लागलं तशी गर्दी झाली. एका रविवारी संध्याकाळी लातूरकडची एक सून दारात उभी राहिली, कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू, मागं गाडीपाशी घरची माणसं. आत आलीच नाही, दारातनंच विचारलं, "काकू, थोडं गरम पाणी मिळंल का? चहा नको, नुसतं पाणी." मी म्हणलं आधी आत ये आणि बस. तांब्या भरून गरम पाणी दिलं, बाटली बुडवायला पातेलं दिलं, आणि खिडकीचं टेबल सोडून भिंतीकडचं दिलं कारण पावसाचं झोत खिडकीतनं आत येत होतं. ती बसली, पदर सावरला, लेकराला पाजलं, आणि मग नुसतीच बसून राहिली, दहा मिनिटं, बाहेर बघत. मी तिच्याशी काही बोलले नाही. मागनं तिची सासू आली, म्हणली इथंच बसलीस व्हय, मी पण टेकते जरा, गुडघे गेले चढून चढून. मग त्यांनी दोन चहा सांगितले आणि एक कडक भाकरीचं पाकीट. पाकिटातली एक भाकरी मोडलेली होती, ती मी काढून घेतली आणि डब्यातली अख्खी घातली, मोडलेली दोघींपुढं बशीत ठेवली, वर लोणी आणि चटणी.